केस कुणाचे, रंग कुणाचा, हात कुणाचे?

केसांना रासायनिक रंग न लावता केसांचा रंग बदलण्याचे तंत्रज्ञान आता प्रयोगशाळांच्या बाहेर डोकावू लागले आहे. २०१७ मध्ये लंडनच्या ‘द अनसीन’ या संस्थेने उष्णतेनुसार छटा पालटणारा केसांचा रंग दाखवला. २०१८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जियाशिंग हुआंग यांच्या गटाने केसाच्या आत काहीही न घुसवता, बाहेरून ग्राफिनचा म्हणजे कार्बनचा पातळ थर चढवून केस काळा करून दाखवला. त्याच वर्षी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने एक कापड जगापुढे आणले. त्याच्या धाग्यात बारीक तार असते, मोबाइलवरून हुकूम दिला की तारेतून वीज जाते, धागा किंचित तापतो आणि त्याचा रंग बदलतो. आज जे धाग्याला जमले ते उद्या केसांच्या टोपाला आणि गंगावनाला जमेल. डोक्यावर चढवायचे, बटण दाबायचे, सकाळी काळे, संध्याकाळी तांबूस. त्याची जाहिरात कोणत्या शब्दाने होईल हेही ठरलेलेच आहे: ‘केमिकल-फ्री’.

विज्ञानाला विरोध करणारे आम्ही नाही. बाबासाहेबांचा वारसा सांगणारा माणूस यंत्राला घाबरत नाही. प्रश्न त्या शब्दाचा आहे. ‘केमिकल-फ्री’ म्हणजे नेमके कुणाच्या अंगाला केमिकल लागणार नाही? वापरणाऱ्याच्या, की बनवणाऱ्याच्या? ‘मला विटाळ नको, तो दुसऱ्याच्या हाताला लागू दे’ ही या देशातली फार जुनी व्यवस्था आहे. तिला सोवळे म्हणतात. केसांचा इतिहास तपासला तर हे नवे सोवळे जुन्याच घरातून आल्याचे दिसते. म्हणून हा इतिहास मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

सुरुवात आपल्या हिंगोली जिल्ह्यातूनच करू. वसमतची हळद देशभर जाते आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हळद शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या, घोळणाऱ्या मजुरांचे हात हंगामभर पिवळे असतात. ही हळद चुन्याला लागली की लाल होते. घरोघरचे कुंकू असेच तयार होत आले. हळदीतला रंगद्रव्याचा रेणू आम्लात पिवळा राहतो आणि चुन्यासारख्या अल्कलीत लाल होतो. हे रसायनशास्त्रच आहे. तेव्हा ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘रसायन नसलेले’ ही समजूतच चुकीची आहे. मेहंदीचा तांबूस रंगही रसायनामुळेच येतो. बाजारात ‘काळी मेहंदी’ म्हणून जे विकले जाते त्यात तर अनेकदा तेच रसायन असते जे काळ्या हेअर डायमध्ये असते, कारण मेहंदीची पाने एकटी केस काळे करूच शकत नाहीत.

आणि ज्या हळदीचे कुंकू झाले, ते कुंकू नवरा मेलेल्या बाईच्या कपाळावरून पुसले गेले. रसायनाने रंग दिला, समाजाने तो काढून घेतला. रंग कुणी लावायचा आणि कुणी लावायचा नाही याचा निर्णय प्रयोगशाळेत झालेला नाही, तो धर्मशास्त्राने आणि जातपंचायतीने केला.

आता काळ्या रंगाकडे येऊ. केस पांढरा होतो म्हणजे त्याच्या मुळाशी मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी थकतात. यात पाप नाही आणि दोषही नाही. केस कायमचे काळे करणारे जे रसायन आज जगभर वापरले जाते, त्याचे नाव पॅरा-फेनिलिनडायामिन, म्हणजेच पीपीडी. १८६३ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमान यांनी ते ओळखले. डांबरापासून रंग काढण्याचा तो काळ होता. पुढे पॅरिसमध्ये युजीन शुलर यांनी केसांचा कृत्रिम रंग बनवला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच आजची लॉरिआल. हा रंग काम करतो तो असा: अमोनियाने केसावरचे खवले उघडतात, पीपीडीचे लहान बिनरंगी रेणू आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि काळे होतात, आणि मोठे झाल्यामुळे बाहेर पडू शकत नाहीत. हळद धुतली की उतरते. हा रंग उतरत नाही, तो यामुळे.

पण पीपीडीची ॲलर्जी एकदा शरीराला जडली की ती सहसा आयुष्यभर पाठ सोडत नाही. कातडीला खाज सुटते, फोड येतात, डोळे सुजतात. महिन्यातून एकदा रंग लावून घेणाऱ्याला हा धोका आहेच. पण दिवसातून अनेक डोक्यांना रंग लावणाऱ्या हाताचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दोन वेगळे निष्कर्ष आहेत. स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांबाबत ठाम वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही, असे ती संस्था म्हणते. पण न्हावी आणि केशकर्तनकार यांचे काम मात्र तिने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून वाचा. रंग एकाच्या डोक्यावर दिसतो, धोका दुसऱ्याच्या अंगावर साठतो.

हे हात कुणाचे आहेत? बलुतेदारीच्या व्यवस्थेत हे काम न्हाव्याला जन्माने चिकटवले गेले. निजामाच्या राजवटीतला आपला मराठवाडाही त्याला अपवाद नव्हता. गावाची दाढी-हजामत करायची आणि वर्षाकाठी धान्याचे बलुते घ्यायचे. पण सवर्ण घरांत या न्हाव्याच्या हातून आणखी एक काम करून घेतले जाई, ते म्हणजे विधवेचे केशवपन. लहान-लहान वयाच्या पोरींची डोकी त्याच्या वस्तऱ्याखाली दिली जात. मनुस्मृतीने देहदंडाच्या गुन्ह्यात ब्राह्मण पुरुषाला मृत्यूऐवजी मुंडनाची शिक्षा सांगितली आहे. ज्यांच्या शास्त्रात केस जाणे हे मरणाला पर्याय ठरते, त्यांच्याच घरात कोणताही गुन्हा नसलेल्या बाईचे डोके जन्मभर भादरले जात होते, हे विसरता येणार नाही.

या अन्यायाला उत्तर दिले ते सत्यशोधकांनी. ज्या १८६३ मध्ये युरोपात पीपीडीची ओळख पटत होती, त्याच वर्षी पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १८८२ मध्ये वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून विचारले की सगळे नियम बाईलाच का. आणि १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी संप केला. विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी लोखंडे हे काम करतात, यात योगायोग नाही. हाताने काम करणाऱ्याने ‘हे काम मी करणार नाही’ असे म्हणणे ही कामगार चळवळ होती, आणि स्त्रीमुक्तीची चळवळही होती. केसांच्या इतिहासात या संपाइतकी मोठी क्रांती कोणत्याही सौंदर्यप्रसाधनाने केलेली नाही.

पण त्याच न्हाव्याच्या वस्तऱ्याची दुसरी बाजूही सांगावी लागेल. साताऱ्यात शिकत असताना भिवा नावाच्या मुलाचे केस कापायला एकही न्हावी तयार नव्हता. गावात न्हावी होते, घरात त्यांना द्यायला पैसेही होते. तरीही केस कापायची ती थोरली बहीण. भावांचे केस कापून कापून ती त्या कामात तरबेज झाली होती. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हे स्वतः लिहून ठेवले आहे. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाचे बालपणीचे केस जातीमुळे बहिणीला कापावे लागले होते.

न्हावी दुष्ट होता म्हणून असे घडले काय? नाही. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. वरच्यांच्या दबावाखाली त्याने विधवेचे केस काढले आणि त्याच दबावाखाली महाराचे केस कापायला नकार दिला. वस्तरा त्याच्या हातात होता, पण निर्णय त्याचा नव्हता. १८९० च्या संपाने त्यातला एक दबाव झुगारला. दुसरा झुगारायला कायदा लागला. संविधानाचे सतरावे कलम आले, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आला, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला.

अंगावर काय घालावे हा प्रश्नही बाबासाहेबांनी सोडला नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेत त्यांनी स्त्रियांना सांगितले की जातीची ओळख सांगणारे जुने दागिने टाका आणि लुगडे नेसण्याची पद्धत बदला. परिषदेतून बाहेर पडताना अनेक जणींचे लुगडे बदललेले होते. अंगावरच्या वस्तूत सत्ता लपलेली असते, हे आमच्या आयाबायांना त्या वेळीच कळले. आज ‘वेअरेबल टेक्नॉलॉजी’ हा शब्द नवा वाटतो. पण कुणी काय अंगावर घालावे याची लढाई आम्ही केव्हाच लढलो आहोत.

पांढऱ्या केसाबद्दल तथागतांच्या परंपरेने काय सांगितले तेही पाहू. पाली साहित्यात मखादेव राजाची कथा आहे. राजा न्हाव्याला सांगून ठेवतो की माझ्या डोक्यावर पांढरा केस दिसला की मला सांग. एके दिवशी न्हावी तो केस उपटून राजाच्या तळहातावर ठेवतो. राजा रागावत नाही, तो काळा करण्याची आज्ञाही देत नाही. न्हाव्याला गाव इनाम देतो, राज्य मुलाच्या हवाली करतो आणि घर सोडतो. कथेतले चमत्कार बाजूला ठेवा. पण खरे सांगणाऱ्या न्हाव्याला राजा इनाम देतो, हे त्यातले मूल्य बाजूला ठेवता येत नाही. विनयपिटकात भिक्खूने पांढरे केस उपटू नयेत असा नियम आहे. धम्मपदातही केवळ केस पिकल्याने कुणी थेर होत नाही, शीलाने होतो, असा विचार येतो. म्हणजे पांढरा केस लपवण्याची लाज नाही आणि मिरवण्याचा गर्वही नाही.

आणि उपाली! शाक्य राजकुमारांचा न्हावी. राजकुमार संघात जायला निघाले तेव्हा दागिने उपालीला देऊन त्याला परत पाठवत होते. उपालीने ते दागिने झाडाला टांगले आणि तोही मागे निघाला. शाक्यांनी तथागतांना विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा अहंकार गळेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी उपालीची दीक्षा आवर्जून घेतली आहे. केस कापणारा हात धम्माचे नियम सांगणारा झाला, हे आमच्या परंपरेचे उत्तर आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. केसांना रंग न लावता केस बदलण्याचे साधन आपल्याकडे नवे नाही. त्याला गंगावन म्हणतात. केस गळालेल्या, पातळ झालेल्या बाईने आपल्या केसांत मिसळायचे तयार केस. तमाशाच्या फडावर, नाटकाच्या रंगपटात टोप आणि गंगावन यांचे राज्य होते. स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व ‘नटसम्राट’ झाले. त्याच काळात फडावर नाचणाऱ्या महार-मांग कलावंतांच्या वाट्याला मात्र हिणवणूक आली. नकली केस दोघांच्या डोक्यावर होते. मान कुणाला द्यायचा हे जात पाहून ठरले.

गंगावन लावणाऱ्या बाईच्या डोक्याला केमिकल लागत नाही, हे खरे. पण त्यातले केस येतात कुठून? फणीतून निघालेली गुंतवळ आपल्या घरात आजही जपून ठेवली जाते आणि ‘केसावर भांडी’ अशी हाक आली की बाया ती बाहेर आणतात. ही हाक मारत वस्त्या पालथ्या घालणारी माणसे बहुतेक भटक्या समाजातली असतात. या गुंतवळीचा पुढे मोठा व्यापार आहे. तो इतका मोठा आहे की जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने मानवी केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. गुंतवळ धुऊन, हाताने सोडवून, लांबीप्रमाणे जुड्या बांधून परदेशी टोप आणि जोडकेस तयार होतात. गुंतवळीतले केस उलटसुलट दिशेचे असल्याने ते एकमेकांत अडकतात. म्हणून आम्लात बुडवून त्यांचे वरचे खवले काढतात, मग पेरॉक्साइडने मूळ काळा रंग घालवतात, मग हवा तो रंग चढवतात. युरोप-अमेरिकेतली बाई ‘रंग न लावता’ सोनेरी केस घालते, तेव्हा तो रंग कारखान्यात कुणाच्या तरी हाताने लावलेला असतो. केमिकल नाहीसे झालेले नसते. ते फक्त तिच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या हातावर गेलेले असते.

गुंतवळ सोडवण्याच्या या उद्योगाचे एक मोठे केंद्र म्हणजे कर्नाटकातील कोप्पळजवळचे भाग्यनगर. हे नाव आम्ही मुद्दाम घेतो, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोली आणि कोप्पळ दोन्ही निजामाच्या एकाच हैदराबाद संस्थानात होते. आपला इतिहास सामाईक आहे. तिथे बाया तासन्‌तास मान खाली घालून जगाचे केस सोडवतात. याच कोप्पळ जिल्ह्यात गंगावती तालुक्यातील मारकुंबी गावात दलितांना न्हाव्याच्या दुकानात आणि हॉटेलात प्रवेश नाकारला जात होता. त्याला विरोध केल्यावर ऑगस्ट २०१४ मध्ये दलित वस्तीवर हल्ला झाला, झोपड्या जाळल्या गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोप्पळच्या सत्र न्यायालयाने या प्रकरणात ९८ जणांना जन्मठेप सुनावली. एकाच जिल्ह्यातून साता समुद्रापार केस जातात, आणि त्याच जिल्ह्यात माणसाला आपले केस कापून घ्यायला दुकानाची पायरी चढता येत नाही. साताऱ्यातल्या त्या बहिणीच्या कात्रीला शंभराहून अधिक वर्षे झाली. संविधानालाही पाऊणशे वर्षे होऊन गेली.

म्हणून विजेवर रंग बदलणारा टोप बाजारात येईल तेव्हा आमचे प्रश्न तयार असले पाहिजेत. त्यातले केस किंवा धागे कुणी गोळा केले? ते कुणी आम्लात बुडवले? तारेवरचा रंग कुणी लावला, बॅटरी कुणी बनवली, आणि टाकून दिल्यावर तो कचरा कोण वेचणार? कचरा वेचणाऱ्याची जात या देशात वेगळी सांगावी लागत नाही. एवढ्या प्रश्नांची उत्तरे चांगली असतील तर आम्ही त्या टोपाचे स्वागत करू. नाचणाऱ्या, केस गळालेल्या, कर्करोगाच्या उपचारात केस गमावलेल्या आपल्याच भगिनींना तो उपयोगी पडेल. केस काळे करायचे की पांढरे ठेवायचे, हा ज्याच्या त्याच्या डोक्याचा प्रश्न आहे. डाय लावणाऱ्या बाईला ‘या वयात कशाला’ म्हणणारे आणि न लावणारीला ‘म्हातारी’ म्हणणारे, दोघेही तिच्या डोक्यावर मालकी सांगत असतात.

पण टोप यायची वाट न पाहता आज करण्यासारखी कामे आहेत. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत गल्लोगल्ली सलून आणि ब्युटी पार्लर आहेत. त्यांत आता केवळ नाभिक समाजाचे बांधव नाहीत. कोर्स करून पार्लर टाकलेल्या बौद्ध, मातंग, बंजारा, मुस्लिम मुलीही आहेत. त्यांच्या हातात हातमोजे आहेत काय? पीपीडी असलेल्या रंगाच्या पाकिटावर आधी कातडीवर चाचणी करण्याचा इशारा इंग्रजीसोबत स्थानिक भाषेतही छापणे नियमाने बंधनकारक आहे. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून २४ तास थांबायचे असते. हा इशारा मराठीत आणि डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात आहे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी दुकानात जाऊन पाहावे. पार्लरचे प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक केंद्राने हातमोजे, खेळती हवा आणि चाचणी हा पहिल्या दिवसाचा धडा करावा. हाताला फोड आलेल्या मुलीने ‘काही नाही, साबणाने झाले असेल’ म्हणून गप्प बसू नये. आरोग्य केंद्रात जाऊन काय काम करतो ते सांगावे आणि त्याची नोंद करून घ्यावी. गुंतवळ गोळा करणाऱ्या भटक्या कुटुंबांची असंघटित कामगार म्हणून ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून द्यावी. आणि जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जातीमुळे केस कापायला नकार मिळाला तर आपसात मिटवू नये. कायदा आहे, तो वापरावा.

नाभिक बांधवांनाही आमचे सांगणे आहे. १८९० चा संप तुमचा आहे, उपाली तुमचा आहे. विधवेच्या डोक्यावरून वस्तरा उचलणारे हात तुमचे होते. तुमच्या हातांच्या आरोग्यासाठी लढताना आम्ही तुमच्या सोबत उभे राहू. गावात एखाद्याला जातीवरून खुर्ची नाकारली गेली तर तुम्हीही आमच्या सोबत उभे राहा.

रंग न लावता केस बदलण्याचे तंत्र माणसाच्या बुद्धीचे यश ठरेल, यात शंका नाही. पण आम्ही ते ‘केमिकल-फ्री’ आहे एवढ्यावर मोजणार नाही. त्या केसाच्या दुसऱ्या टोकाला जे हात आहेत ते सुरक्षित आहेत का, त्यांना दाम मिळतो का आणि मान मिळतो का, यावर मोजू. सोवळे नव्या पाकिटात आले तरी ते सोवळेच असते.

जयभीम!